बेलफास्टची भिंत आणि परक्यांची साक्ष

"ताई, आली बघ सीमा," धाकटी म्हणाली आणि मी घाईघाईने खिडकीला नाक लावलं. बाहेर हिरवीगार कुरणं, मेंढ्या, दगडी बांध आणि आपल्या श्रावणासारखा भुरभुर पाऊस. चौकी नाही, शिपाई नाही, गाडीचा वेगसुद्धा कमी झाला नाही. तेवढ्यात धाकटीच्या मोबाइलवर 'ब्रिटनमध्ये आपले स्वागत' असा निरोप आला. सीमा ओलांडल्याची खूण काय ती एवढीच!

माझी धाकटी बहीण डब्लिनला असते. मे महिन्याच्या सुट्टीत मी आणि आमचे हे तिच्याकडे गेलो होतो. एक दिवस ह्यांना आणि मेहुण्यांना घरी मुलांपाशी ठेवलं आणि आम्ही दोघी डब्यात दशम्या घेऊन बेलफास्टच्या गाडीत बसलो. प्रवास सव्वादोन तासांच्या आसपास. मात्र कुणी जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. वाटेत कुणी अडवत नाही, पण देश दोन आहेत. आपल्या आयरिश व्हिसावर ब्रिटिश-आयरिश योजनेचा शिक्का हवा. युरो इकडे चालतात, तिकडे पौंड लागतात. रस्त्यावरच्या पाट्यांवर इकडे किलोमीटर, तिकडे मैल.

सीमा ओलांडल्यावर पहिलं स्टेशन न्यूरी. इथल्या जकात कचेरीत 1972 साली बॉम्बस्फोट होऊन नऊ माणसं गेली. 2018 मध्ये युरोपातल्या पुढाऱ्यांच्या भोजनाला जाताना आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर ह्याच घटनेची बातमी असलेलं वर्तमानपत्र बरोबर घेऊन गेले होते. सीमेवर पुन्हा चौक्या बसल्या तर काय होऊ शकतं, हे त्यांना दाखवायचं होतं. वराडकर म्हणजे मूळचे आपल्या मालवणजवळच्या वराड गावचे बरं का! वडील मुंबईचे, आई आयरिश. धाकटीने हे सांगितल्यावर ते स्टेशन मला एकदम परकं वाटेनासं झालं.

मी शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते, पण खरं सांगायचं तर उत्तर आयर्लंडचं भांडण मला कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट एवढंच ठाऊक होतं. मुळात प्रश्न धर्मापेक्षा देश कोणता, हा. एका बाजूला ब्रिटनमध्येच राहायचं आहे, दुसरीला आयर्लंडशी एक व्हायचं आहे. 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून तीस वर्षांत साडेतीन हजारांहून अधिक माणसं ह्यात मेली. 10 एप्रिल 1998 ला, गुड फ्रायडेच्या दिवशी, करार झाला. त्यात ठरलं ते असं : तिथल्या बहुमताची इच्छा असल्याशिवाय देश बदलायचा नाही, ज्याला स्वतःला ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही म्हणवून घ्यायचं असेल त्याने घ्यावं आणि राज्यकारभार दोघांनी मिळून करायचा. मे महिन्यात मतदान झालं. उत्तरेत शेकडा 71 आणि दक्षिणेत शेकडा 94 मतं कराराच्या बाजूने पडली.

बेलफास्टला आम्ही काळी टॅक्सी केली. तिथे हे टॅक्सीवालेच गाव दाखवतात. फॉल्स रस्त्यावर आयर्लंडचे तिरंगे झेंडे. पलीकडच्या शँकिल भागात पदपथांच्या कडासुद्धा ब्रिटिश झेंड्याच्या लाल-पांढऱ्या-निळ्या रंगांत रंगवलेल्या. मध्ये भिंत. दुमजली घरापेक्षा उंच, वर पत्रा, त्यावर जाळी. अशा भिंती 1969 पासून उभ्या राहिल्या आणि करार होऊन पाव शतक उलटलं तरी आहेत. काही ठिकाणी त्यांत दरवाजे आहेत, ते संध्याकाळी बंद होतात. 2023 पर्यंत सगळ्या भिंती काढायच्या असं तिथल्या सरकारने 2013 मध्ये ठरवलं होतं. ते जमलं नाही. भिंतीलगत राहणाऱ्यांना रात्री शांत झोप हवी, आणि ती त्यांना अजून भिंतीमुळेच लागते.

आमचा टॅक्सीवाला फॉल्स भागातला, पन्नाशीचा. मी त्याला माझ्या मनातला प्रश्न विचारला. तुमच्या करारात हे अमेरिकन लोक कशाला लागतात? घरचं भांडण घरात मिटवावं, बाहेरच्यांनी नाक खुपसू नये, असंच आपण ऐकत आलो.

तो हसला. म्हणाला, "बाई, ते बघत असतात म्हणून इथले पुढारी शब्द फिरवायला बिचकतात."

अमेरिकेचा संबंध जुना आहे. 1845 नंतरच्या दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. त्यांतली कितीतरी अमेरिकेत. आज तिथे तीन कोटींहून अधिक लोक स्वतःला आयरिश वंशाचे म्हणवतात. पूर्वी त्यांच्यातले काहीजण इथल्या बंदूकधाऱ्यांना पैसे पाठवत. 1977 साली सेनेटर टेड केनेडी आणि मॉयनिहन, प्रतिनिधिगृहाचे सभापती टिप ओ'नील आणि न्यूयॉर्कचे राज्यपाल ह्यू केरी ह्या चौघांनी आपल्याच लोकांना जाहीरपणे बजावलं, की हिंसा करणाऱ्यांना मदत करू नका. पुढे कराराच्या वाटाघाटींचं अध्यक्षपदही जॉर्ज मिचेल ह्या माजी अमेरिकन सेनेटरकडेच होतं.

ब्रिटनने युरोपीय संघ सोडायचं ठरवलं तेव्हा सुमारे पाचशे किलोमीटरच्या सीमेचं काय, हा प्रश्न आला. तिच्यावरून दोनशेहून अधिक रस्ते जातात. एप्रिल 2019 मध्ये अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या सभापती नॅन्सी पेलोसी डब्लिनच्या संसदेत उभ्या राहिल्या आणि स्पष्ट म्हणाल्या, की ह्या कराराला धक्का लागला तर ब्रिटनशी व्यापारी करार होणार नाही. ब्रिटनला तो व्यापार हवा होता, आणि त्याला मंजुरी द्यायची ती अमेरिकन काँग्रेसने. (काँग्रेस म्हणजे त्यांची संसद, आपला पक्ष नव्हे!) त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्रतिनिधिगृहाने आणि 2021 च्या मे महिन्यात सेनेटने कराराला पाठिंबा देणारे ठराव केले. सेनेटचा तर एकमताने झाला. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन पक्ष ह्या बाबतीत एकत्र आले, हे विशेष.

पण नाण्याची दुसरी बाजू शँकिलला कळली. चहाच्या दुकानात आम्हाला तव्यावर भाजलेला सोडा ब्रेड मिळाला. यीस्ट नाही, ताकात भिजवलेली कणीक. भिंतीच्या दोन्ही बाजूंना हाच करतात म्हणे. दुकानातली आजी मात्र अमेरिकेचं नाव काढताच फणकारली. "त्यांना त्यांच्या पणजीचं आयर्लंड आठवतं. आमचीही माणसं गेली, ती नाही आठवत." मी गप्प बसले. तिचंही खोटं नव्हतं. साक्षीदार एकाच बाजूचा आहे असं वाटलं, की त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. परक्यांनी उभं राहायचं ते कराराच्या पाठीशी, कुणा एका बाजूच्या नव्हे.

हे सगळं ऐकताना मला आमचं माहेर आठवत होतं. वडिलांची आणि काकांची वाटणी झाली तेव्हा परगावचे एक मामा मध्यस्थ होते. विहीर सामाईक, अंगणातून येण्याजाण्याची वाट दोघांची, असा कागद झाला. मामा होते तोवर दरवर्षी येऊन दोन्ही घरी जेवून जात. ते गेले आणि दोन वर्षांत अंगणात भिंत उभी राहिली. कागद अजून कपाटात आहे. पण तो वाचून दाखवणारं कुणी उरलं नाही.

बेलफास्टच्या बायकांनी तर हे आधीच ओळखलं होतं. 1996 मध्ये मोनिका मॅकविल्यम्स ही कॅथलिक प्राध्यापिका आणि पर्ल सागर ही प्रॉटेस्टंट समाजसेविका ह्यांनी महिला आघाडी काढली, 110 पैकी दोनच जागा मिळवल्या आणि वाटाघाटींच्या टेबलाशी जाऊन बसल्या. हिंसेत होरपळलेल्यांचा विचार आणि दोन्हीकडच्या मुलांच्या एकत्र शाळा हे विषय त्यांनी लावून धरले आणि करारात आणले. अशी पहिली शाळा पालकांनी 1981 मध्ये 28 मुलांवर सुरू केली होती. आजही शेकडा दहापेक्षा कमी मुलं अशा शाळांत जातात. सरकारही मधूनमधून कोसळतं. 2024 च्या फेब्रुवारीत दोन वर्षांनी ते पुन्हा उभं राहिलं, तेव्हा समान अधिकारांच्या दोन्ही खुर्च्यांवर दोन बाजूंच्या दोन स्त्रिया बसल्या, मिशेल ओ'नील आणि एमा लिटल-पेंगेली.

निघताना टॅक्सीवाल्याने भिंतीवर लिहायला पेन दिलं. जगभरचे पाहुणे तिथे काहीबाही लिहून जातात. मला काही सुचेना. शेवटी देवनागरीतच लिहिलं, 'वाट मोकळी राहो'. धाकटीने वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. वाट कोणती, ते तिला सांगावं लागलं नाही.

परतीच्या गाडीत डबा उघडला तेव्हा ती म्हणाली, "ताई, मामा नाहीत. पण आपण दोघी आता सासरच्या. म्हणजे बाहेरच्याच की."

बोलली ते खरंच. इकडे परत आल्यावर मी पहिल्यांदा काकूला फोन केला. विहिरीचा विषय काढला नाही, नुसती खुशाली विचारली. दिवाळीला माहेरी जाईन तेव्हा फराळाचे डबे दोन न्यायचे, एवढं मात्र ठरवलं आहे.