टिंबाची किंमत

लॅपटॉप विकत घेणे ही काही साहित्यविषयक घटना नव्हे, हे आम्ही जाणतो. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. एकाच महाविद्यालयात, एकाच विभागात आणि एकाच घरात. यंत्रांविषयीचे आमचे ज्ञान बेताचे, आणि त्याबद्दल आम्हांला फारशी खंतही नाही. तरीही २०२५च्या उन्हाळ्याच्या सुट्टीतले तीन आठवडे आम्ही एका महागड्या लॅपटॉपचे गुणदोष तपासण्यात घालवले. तो खटाटोप का केला आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हे येथे मांडावेसे वाटते; कारण त्याचा संबंध यंत्रापेक्षा लिपीशी अधिक आहे.

आधी कारण. आमचे एक गुरुजन दोन वर्षांपूर्वी गेले. विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून त्यांचा स्मृतिग्रंथ काढायचे ठरवले आणि संपादन साहजिकच आमच्याकडे आले. तीनशे प्रती छापल्या. पहिली प्रत घेऊन आम्ही सरांच्या घरी गेलो. काकूंनी ती हातात घेतली, कपाळाला लावली आणि मग रोज थोडे थोडे वाचू लागल्या. पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा ग्रंथाविषयी त्या भरभरून बोलल्या. मात्र निघताना आम्ही सहज प्रत चाळली आणि सत्त्याऐंशीव्या पानावर थबकलो. सरांच्या एका सहकाऱ्याने लिहिले होते की, सरांच्या मनात अखेरपर्यंत वहिनींचीच चिंता होती. छापले गेले होते ‘चिता’. त्या ‘चि’वर काकूंनी पेन्सिलीने एक टिंब दिले होते. समासात खूण नाही, प्रश्नचिन्ह नाही; फक्त टिंब. त्यांनी त्याचा उल्लेख केला नाही, आम्हांलाही करवला नाही.

चिता आणि चिंता यांत एका टिंबाचेच अंतर, ही जुन्या संस्कृत पंडितांची कोटी आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. ती आपल्याच हातून अशी छापून यावी, याला काय म्हणावे?

चूक कशी झाली ते शोधून काढणे अवघड नव्हते. तो लेख जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला होता. त्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी आणि तिच्यावरचा अनुस्वार यांचे मिळून एकच चिन्ह होते. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करताना त्या चिन्हाची नुसती वेलांटी झाली. अनुस्वार वाटेतच गळाला. त्यामुळे ‘किंवा’चे ‘किवा’, ‘हिंदी’चे ‘हिदी’ असे सर्वत्र झाले होते. ते आम्ही पकडले, कारण ‘किवा’ असा शब्दच नाही. ‘चिता’ मात्र शब्द आहे. शुद्धलेखन-तपासनीसाने त्याला हटकले नाही आणि आम्हीही हटकले नाही.

प्रुफे आम्ही पडद्यावर वाचली होती. आमचा लॅपटॉप सात-आठ वर्षांचा, १५.६ इंची; त्याच्या पडद्यावर आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके. हिशेब केला तर इंचाला सुमारे शंभर ठिपके पडतात. त्यात आमच्यापैकी एकीला चाळिशी चव्वेचाळिसाव्या वर्षी लागलेली, तर दुसऱ्याने ती टाळता येईल तितकी टाळलेली. आम्ही तो जुना लॅपटॉप उघडून सत्त्याऐंशीवे पान पुन्हा पाहिले. वेलांटीचा वळसा शिरोरेषेवर जिथे उतरतो, तिथे एक करडा डाग दिसत होता. त्यात टिंब आहे असे म्हटले तर आहे, नाही म्हटले तर नाही. अशा वेळी डोळा मनाचे ऐकतो. वाक्याला जो शब्द हवा, तोच डोळा वाचतो.

येथून आम्ही पडद्यांच्या मागे लागलो.

या क्षेत्राचा इतिहास फार लांबलचक नाही. १९८४च्या पहिल्या मॅकिंटॉश संगणकावर इंचाला ७२ ठिपके होते. त्यानंतर जवळजवळ पाव शतक बहुतेक पडदे शंभराच्या आसपासच रेंगाळले. जून २०१२ मध्ये ‘रेटिना’ पडद्याचा मॅकबुक प्रो आला, तेव्हा १५.४ इंचांत २८८० बाय १८०० ठिपके, म्हणजे इंचाला २२० ठिपके, हे प्रमाण लॅपटॉपवर प्रथमच एवढ्या गाजावाजाने अवतरले. त्याची अमेरिकेतील किंमत २१९९ डॉलरपासून सुरू होत होती. पुढच्याच वर्षी आलेल्या क्रोमबुक पिक्सेलने २३९ ठिपके दिले आणि १२९९ डॉलर मागितले. नुसता ब्राउझर चालवणाऱ्या यंत्राला एवढे पैसे कशाला, असा प्रश्न तेव्हा अनेक परीक्षकांनी विचारला. अशा परीक्षणांतून एक सूर पुन्हा पुन्हा ऐकू येतो: पडदा देखणा आहे, पण ही चैन आहे, छायाचित्रकाराला ठीक, लिहिण्या-वाचण्यापुरते काम असलेल्याला गरज नाही.

आमचे म्हणणे असे की, हा निर्णय रोमन लिपी वाचणाऱ्यांचा आहे. त्यांच्यापुरता तो खराही असेल. रोमन अक्षरे एका ओळीत शेजारी-शेजारी बसतात; अर्थ बदलणारे फारसे काही त्यांच्या डोक्यावर किंवा पायाशी नसते. देवनागरी मजले चढवते. मध्ये अक्षर, त्यावर शिरोरेषा, तीवर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. खाली उकार, कधी जोडाक्षराचा दुसरा मजला. बारा पॉइंटाचा टाइप म्हणजे इंचाचा सहावा भाग. शंभर ठिपक्यांच्या पडद्यावर त्याच्या उंचीला सुमारे सतरा ठिपके मिळतात. त्या सतरांत ‘र्की’ किंवा ‘ष्ट्रू’ यांसारख्या अक्षराने आपला सगळा संसार थाटायचा! टिंबाच्या वाट्याला एखाददुसरा ठिपका येतो, तोही धूसर. २२४ ठिपक्यांच्या पडद्यावर हीच उंची सदतीस ठिपक्यांची होते. क्षेत्रफळाने मोजायचे तर एका चौरस इंचात दहा हजारांऐवजी पन्नास हजार ठिपके.

छापखान्यांच्या काळात ही गोष्ट आपल्याकडे ठाऊक होती. १८६९ मध्ये जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर छापखाना सुरू केला. तेथील टाइपाची ख्याती झाली ती अलंकारिकपणामुळे नव्हे, तर अक्षर स्वच्छ उठते म्हणून. संस्कृत ग्रंथांत एक मात्रा ढळली तर अर्थ ढळतो, याची जाण त्या कारागिरांना होती. त्या अर्थाने पडद्याची सूक्ष्मता हा देवनागरीपुरता चैनीचा नव्हे, मुद्रणशुद्धीचा प्रश्न आहे.

सिद्धान्त झाला, आता प्रत्यक्ष यंत्र. मार्च २०२५ मध्ये आलेला, एम-४ प्रोसेसरचा १३.६ इंची मॅकबुक एअर आम्ही विचारात घेतला. पडदा २५६० बाय १६६४, इंचाला २२४ ठिपके. जिल्ह्याच्या गावी दुकानात गेलो, ते आपल्या ग्रंथाची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन. पहिलाच अपशकुन असा की, पेनड्राइव्ह लावायला त्या यंत्राला जागाच नाही. डाव्या बाजूला यूएसबी-सी पद्धतीची दोन चिमुकली छिद्रे आणि चार्जरची एक जागा, बस्स. दुकानातल्या मुलाने अ‍ॅडॉप्टर आणून दिला आणि आमच्याकडे वयोमानानुसार क्षमाशील दृष्टीने पाहिले.

सत्त्याऐंशीवे पान उघडले. ‘चिता’ हा शब्द तेथे होता आणि त्यावर टिंब नव्हते. डाग नाही, संशय नाही. वेलांटीचा स्वच्छ वळसा आणि त्याच्या वर निखळ पांढरी जागा. आम्ही दोघेही काही क्षण काहीच बोललो नाही.

मग एका जुन्या मासिकाचे स्कॅन केलेले खंड उघडले. हे खंड इंचाला तीनशे ठिपके या प्रमाणात स्कॅन झालेले. आमच्या जुन्या पडद्यावर मूळ आकारात पाहताना त्यांतला एकतृतीयांश तपशील जेमतेम उतरतो. येथे तीनचतुर्थांश उतरला. ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ यांतला भेद आकार न वाढवता कळला. उजेडाच्या दिशेला तोंड करून ठेवले तरी पडदा वाचता येत होता, मात्र काचेत दुकानातला दिवा आणि आमचे चेहरे दिसत होते.

एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. जास्त ठिपके म्हणजे मोठी अक्षरे नव्हेत. अक्षरे पूर्वीएवढीच राहतात, रेखीव होतात. पडदा मुळात १३.६ इंची, त्यावर हस्तलिखित व प्रुफाचे पान शेजारी ठेवले तर दोन्ही आक्रसतात. ज्याला चाळिशीवर उपाय हवा आहे, त्याने चष्मेवाल्याकडे जावे. तो स्वस्त पडेल.

कामगिरीविषयी बोलण्याचा आमचा अधिकार तोकडा आहे. दहा गाभ्यांचा प्रोसेसर आणि सोळा जीबी स्मृती आमच्या कामाला पुरून उरते. चारशे पानांचा स्कॅन केलेला खंड आम्ही भराभर उलटला. पाने अडखळली नाहीत. पंखा नसल्याने यंत्र निःशब्द आहे, वजन १.२४ किलो. बॅटरी अठरा तासांपर्यंत चालते असा कंपनीचा दावा; त्याच्या निम्मी चालली तरी भारनियमनाच्या दिवशी आमची सोय होते. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कळफलक त्यात आहे. पण स्मृती आणि साठवण नंतर वाढवता येत नाही. २५६ जीबी घेतले की तेवढ्यावरच भागवायचे. शिवाय आमचे जुने फाँट आणि त्यांची प्रणाली विंडोजवर बसवलेली; म्हणजे जुन्या लॅपटॉपला निवृत्ती नाही.

आणि किंमत. बाजारात आला तेव्हा ९९,९०० रुपये. शिक्षक-विद्यार्थ्यांसाठीच्या सवलतीत ८९,९००. आमच्या स्मृतिग्रंथाच्या तीनशे प्रतींना याहून कमी खर्च आला होता. विद्यार्थ्यांनी पाचशे-पाचशे रुपये काढून जो ग्रंथ उभा केला, त्यातली चूक टाळण्यासाठी ग्रंथाहून महाग यंत्र घ्यायचे, हा व्यवहार आमच्या मनाला पटेना. पर्याय पाहिले. याच्या निम्म्या किमतीत १५.६ इंची, १९२० बाय १०८० ठिपक्यांचे लॅपटॉप मिळतात. इंचाला १४१ ठिपके पडतात. फरक जाणवतो, पण संशय पुरता फिटत नाही. चौदा इंची, २८८० बाय १८०० ठिपक्यांचे ओलेड पडद्यांचे विंडोज लॅपटॉप आहेत. इंचाला २४३ ठिपके, म्हणजे मॅकपेक्षाही अधिक. मात्र असे अनेक पडदे प्रकाश मंद करताना अतिवेगाने लुकलुकतात आणि काहींच्या डोळ्यांना ते सोसत नाही. जुन्या यंत्राला जोडण्यासाठी २७ इंची फोर-के मॉनिटर घ्यावा तर १६३ ठिपके आणि एक अख्खे टेबल!

तिसऱ्या आठवड्यात आम्हांला एक गोष्ट सुचली, जी पहिल्याच दिवशी सुचायला हवी होती. आम्ही जुन्या लॅपटॉपवर तेच पान उघडले आणि दुप्पट मोठे केले. टिंब नाही हे तिथेही दिसले. अगदी स्वच्छ दिसले. एक कळ दाबायची होती, ती आम्ही दाबली नव्हती. छपाईची तारीख जवळ आली होती, प्रकाशनाला पाहुणे बोलावले होते, आणि दोनशे चोवीस पाने दोन रात्रींत पडद्यावरून सरकवली होती. खापर पडद्यावर फोडणे सोयीचे होते, म्हणूनच कदाचित तीन आठवडे आम्ही पडद्यांचा अभ्यास केला.

मग लॅपटॉप घेतला की नाही? घेतला, सवलतीच्या किमतीत, बारा हप्त्यांवर. कारण दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. लक्ष देणाऱ्या डोळ्याला जुन्या पडद्यावरही चूक सापडली असती. आणि पान न पान दुप्पट करून वाचावे लागते तिथे लक्ष लवकर थकते. चांगला पडदा लक्ष देत नाही, तो लक्षाची दमछाक कमी करतो. जो रोज देवनागरीतली पाने तपासतो, जुने स्कॅन वाचतो, त्याला आम्ही सूक्ष्म पडद्यासाठी पैसे मोडायला सांगू. कंपनी कोणतीही असो, इंचाला दोनशेच्या वर ठिपके पाहावेत. ज्याला प्रश्नपत्रिका आणि गुणपत्रकेच करायची आहेत, त्याने निम्म्या किमतीचे यंत्र घेऊन उरलेल्या पैशांची पुस्तके घ्यावीत.

एक नियम मात्र आम्ही स्वतःला घालून घेतला आहे. शेवटचे प्रूफ कागदावरच. एकाने मूळ मोठ्याने वाचायचे, दुसरीने प्रुफावर बोट ठेवून ऐकायचे. पुढच्या वेळी भूमिका बदलायच्या. छापखान्यांची ही जुनी रीत कोणत्याही पडद्याने अजून रद्द केलेली नाही.

नव्या यंत्रावर पहिले काम केले ते स्मृतिग्रंथाच्या शुद्धिपत्राचे. ग्रंथ पुन्हा वाचून काढला. एकूण एकोणीस चुका निघाल्या. उरलेल्या प्रतींत घालण्यासाठी पत्रक छापून घेतले आणि एक काकूंकडे नेऊन दिले. त्यांनी चष्मा लावून ते वरपासून खालपर्यंत वाचले. मग आतून ग्रंथ आणला, सत्त्याऐंशीव्या पानात ते पत्रक ठेवले, आणि चहा टाकायला उठल्या.