व्हिएन्नातील घोड्यांची शाळा

गतवर्षी वैशाख-ज्येष्ठाचे दोन महिने आमचा मुक्काम ऑस्ट्रिया देशाच्या राजधानीत, व्हिएन्ना नगरीत, होता. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त तेथे बिऱ्हाड करून असतात. तेथील राजवाडे, संगीतगृहे आणि डॅन्यूब नदी यांची वर्णने वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. त्यांत आणखी एकाची भर घालण्याची आम्हांस हौस नाही. परंतु निघण्यापूर्वी सूनबाईंनी फोनवर सहज सांगितले की, आमची बारा वर्षांची नात हल्ली घोड्यावर बसावयास शिकते, आणि नुसते बसावयास नव्हे, तर 'ड्रेसाज' नामक विद्या शिकते. हे ऐकताच आमच्या कुटुंबाने कपाळाला हात लावला. "पोरीचे हातपाय मोडले म्हणजे?" हा त्यांचा प्रश्न. आमचा आक्षेप निराळा होता. चौतीस वर्षे आम्ही शाळेत संस्कृत शिकविले. घरच्या नातीस मात्र रामरक्षेपलीकडे काही येत नाही, आणि तिचा वेळ चालला घोड्यापायी! तेथे गेल्यावर हा विषय काढावयाचा, असा निश्चय करूनच आम्ही विमानात बसलो.

चिरंजीव आमचा स्वभाव ओळखून आहेत. वादास तोंड फुटण्यापूर्वीच त्यांनी तिसऱ्या दिवशी सकाळी आम्हां उभयतांस स्पॅनिश राइडिंग स्कूल पाहावयास नेले. नाव स्पॅनिश, परंतु संस्था अस्सल व्हिएन्नाची. सोळाव्या शतकात हाब्सबुर्ग घराण्याने स्पेनमधील जातिवंत घोडे आणविले, त्यांवरून हे नाव पडले. ड्रेसाज हा शब्द फ्रेंच आहे, आणि त्याचा अर्थ शिकविणे, वळण लावणे असा आहे. आमच्या भाषेत 'वळण' म्हणजे फिरणेही आणि शिस्तही. या विद्येस याहून चपखल शब्द सापडणार नाही. कारण तीत घोड्यास रिंगणात फिरवून फिरवूनच वळण लावावयाचे असते.

ज्या दालनात हे चालते ते सहाव्या चार्ल्स बादशहाने १७२९ ते १७३५ या काळात बांधविले. धाकटा फिशर फॉन एरलाख हा त्याचा स्थपती. लांबी सुमारे ५५ मीटर, रुंदी १८. वरच्या सज्जांना ४६ खांबांचा आधार. छताला बिलोरी झुंबरे. भिंती, खांब, छत सारे पांढरेशुभ्र. रंग काय तो बादशहाच्या एका तसबिरीचा. आत येणारा प्रत्येक स्वार डोक्यावरील दुटोकी टोपी काढून त्या तसबिरीस मुजरा करतो. बादशहा १७४० साली वारला आणि बादशाही १९१८ साली लयास गेली. मुजरा चालूच आहे. आमच्या कुटुंबास ही गोष्ट विशेष आवडली.

आम्ही पाहिला तो सकाळचा सराव. सणासुदीचा खेळ नव्हे, म्हणून गर्दीतील काही मंडळी अर्ध्या तासात कंटाळून उठून गेली. आम्हांस मात्र तेथून हलवेना. तपकिरी कोट, पांढऱ्या तुमानी आणि गुडघ्यापर्यंत काळे बूट घातलेले स्वार पांढऱ्या घोड्यांवर संथपणे फिरत होते. कोणी ओरडत नव्हते. स्वाराच्या हाती बर्चच्या झाडाची एक साधी फांदी असते, तिचाही उपयोग खुणेपुरताच. एका घोड्याने जागच्या जागी, तसूभरही पुढे न सरता, दुडकी धरली. यास पियाफ म्हणतात. दुसरा अशा ठायलयीत पावले उचलू लागला की प्रत्येक पाऊल क्षणभर अधांतरी राहावे, तो पासाज. शेवटी एका घोड्याने मागचे पाय वाकवून पुढचे शरीर उचलले आणि तो तसाच स्तब्ध राहिला; तो लेव्हाड. आमची नजर मात्र स्वारांच्या हातांकडे होती. हात हलताना दिसतच नव्हते! घोडा आपल्याच मनाने नाचतो आहे असा भास व्हावा, इतकी ती खूण सूक्ष्म. आणि काम मनाजोगते झाले की स्वार कोटाच्या मागील खिशातून साखरेचा खडा काढून घोड्याच्या तोंडाशी धरी.

हे घोडे लिपिझानर जातीचे. १५८० साली, सांप्रतच्या स्लोव्हेनियातील लिपिझा गावी, त्यांची पैदास सुरू झाली. १९२० पासून या शाळेचे घोडे ऑस्ट्रियातील पीबर येथे वाढतात. जन्मतः शिंगरू काळेसावळे असते आणि पुढे वर्षानुवर्षे उजळत पांढरे होते. वाचकांस मौज वाटेल ती त्यांच्या नावांची. प्लूटो, कॉन्व्हर्सानो, फेव्हरी, नेआपोलितानो, माएस्तोसो आणि सिग्लावी हे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील सहा मूळपुरुष. प्रत्येक घोड्याचे पहिले नाव या सहांपैकी एकाचे आणि दुसरे त्याच्या आईचे. गोत्र आणि मातृनाम दोन्ही सांभाळणारे हे घोडे पाहून आमच्या कुटुंबाचे मत बरेच निवळले.

शिकविण्याची रीत तर याहून विचार करण्याजोगी आहे. नव्याने दाखल झालेल्या उमेदवारास फ्रेंच शब्दाने 'एलेव्ह' म्हणजे विद्यार्थी म्हणतात. त्यास कित्येक महिने लगाम हाती देत नाहीत, रिकिबीत पाय ठेवू देत नाहीत. जुना, मुरलेला घोडा लांब दोरावर गोल फिरवितात (आपल्याकडील चाबूकस्वार यास काव्यावर धरणे म्हणत) आणि विद्यार्थी नुसता मांड सावरीत बसतो. म्हणजे पहिला गुरू घोडा. पुढे काही वर्षांनी त्याच्या स्वाधीन एक अननुभवी घोडा करतात, आणि जुन्या घोड्याकडून मिळालेले ज्ञान नव्या घोड्यास द्यावयास सांगतात. तो घोडा खेळात उतरण्याजोगा तयार झाला म्हणजे मग विद्यार्थी पुरा स्वार गणला जातो. या सगळ्यास आठ-दहा, क्वचित बारा वर्षे लागतात. ग्रंथ नाहीत असे नव्हे. ला गेरिनिएर या फ्रेंच आचार्याचा १७३३ सालचा ग्रंथ ही मंडळी प्रमाण मानतात. परंतु विद्या चालते ती मुख्यत्वे मुखपरंपरेने. वेदपाठशाळा पाहिलेल्या माणसास हे समजावून सांगावे लागत नाही.

अशा परंपरेस धोका असतो तो तुटण्याचा. १९४५ च्या आरंभी, व्हिएन्नावर बाँब पडत असता, शाळेचे प्रमुख अलोइस पोधायस्की यांनी घोडे शहराबाहेर नेले. त्या वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकन सेनापती पॅटन यांच्यापुढे खेळ करून दाखवून त्यांनी संरक्षण मागितले, आणि ते मिळाले. शाळा स्वगृही परतली ती १९५५ साली. मुलींस मात्र तेथे विद्यार्थी म्हणून प्रवेश २००८ साली मिळाला. हे चिरंजीवांनी आपल्या आईस मुद्दाम दोनदा सांगितले.

येथे आमचा थोडासा शास्त्रार्थ वाचकांनी सोसावा. तुर्कस्थानातील बोगाझकोय येथे सापडलेल्या मातीच्या विटांवर, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या सुमारास रचलेले, अश्वशिक्षणाचे एक पुस्तक आहे. कर्ता किक्कुली हा मितन्नी देशाचा. पुस्तक हित्ती भाषेत; परंतु घोड्याच्या फेऱ्यांची मोजणी मात्र ऐका-वर्तन्ना, तेरा-वर्तन्ना, पंझा-वर्तन्ना, सत्ता-वर्तन्ना, ना-वर्तन्ना अशी. एक, त्रि, पंच, सप्त, नव! संस्कृत जाणणाऱ्याच्या अंगावर काटा यावा असा हा पुरावा. कौटिल्यानेही अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात स्वारीच्या घोड्याच्या गती सांगताना 'नारोष्ट्र' नावाची एक गती दिली आहे, ती केवळ खुणेबरहुकूम चालण्याची. व्हिएन्नाच्या त्या शुभ्र दालनात हेच आमच्या डोळ्यांसमोर चालले होते. घरी येताना आम्ही हे सर्व नातीस सांगू लागलो. तिने "आबा, वर्तन म्हणजे बिहेव्हियर ना?" असे विचारले आणि आम्ही क्षणभर थांबलो. वर्तन म्हणजे फेरी, आणि वर्तन म्हणजे वागणूकही. चौतीस वर्षांत हे आमच्या ध्यानी आले नव्हते.

शनिवारी तिच्या शिकवणीस गेलो. शहराबाहेर द्राक्षमळ्यांच्या कडेला एक साधी पागा आहे. तेथे झुंबरे नाहीत, शेणाचा वास आहे. शिकविणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या. घोडा कुमाईत, तोही त्या मानाने म्हाताराच. नातीस त्या दिवशी शिकावयाचे होते ते दुडकीतून लगाम न ओढता पावलावर येणे. युक्ती अशी की, थांबण्यापूर्वी पाठीचा कणा किंचित ताठ करून, मूठ क्षणभर मिटून लगेच सैल सोडावयाची. यास ते लोक अर्धा थांबा म्हणतात. घोड्यास त्याने इशारा मिळतो की आता काही बदलणार आहे. सांगावयास सोपे, प्रत्यक्षात पोर कधी मूठ मिटून सोडावयास विसरे, कधी पाठीऐवजी खांदेच ताठ करी. घोडा मान उंचावून आपली नापसंती दाखवी. बाई रागावत नव्हत्या. पुन्हा रिंगण, पुन्हा प्रयत्न. अकराव्या की बाराव्या खेपेस ते जमले. घोडा जणू तिच्या मनातले ऐकून पावलावर आला आणि त्याने मान खाली सोडून एक दीर्घ फुरका मारला.

बाईंनी हात वर केला. तास संपला!

आम्ही घड्याळ पाहिले. पाऊण तासाची शिकवणी, आणि जेमतेम वीस मिनिटे झालेली. आमचा मास्तरकीचा पिंड उसळला. जमले म्हणता, तर आणखी दहा वेळा करून घ्यावे, घोटून पक्के करावे! चिरंजीवांस आम्ही हा प्रश्न बाईंना विचारावयास सांगितला. त्यांनी तो विचारला, उत्तर ऐकले, आणि आमच्याकडे न पाहता भाषांतर केले: "त्या म्हणतात, घोड्याच्या लक्षात शेवटची गोष्ट राहते. बरोबर केल्यावर पुन्हा करावयास लावले, तर त्याला वाटते आपले चुकले होते."

चिरंजीव आमच्याकडे का पाहत नव्हते, हे आम्हांस ठाऊक होते. ते नऊ वर्षांचे असता आम्ही त्यांस रोज संध्याकाळी रूपावली म्हणावयास बसवीत असू. पाठ शुद्ध आला की आम्ही म्हणत असू, "पुन्हा." दुसऱ्यांदा शुद्ध आला तरी "पुन्हा." चौथ्या-पाचव्या खेपेस दमलेले पोर कोठेतरी अडखळे, आणि मग हातावर छडी. पाठ संपे तो नेहमी चुकीवर. पुढे शालान्त परीक्षेत त्यांस संस्कृतात उत्तम गुण मिळाले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी सर्व संस्कृत पुस्तके रद्दीवाल्यास देऊन टाकली आणि आजतागायत त्या भाषेचा एक शब्द आमच्याजवळ काढलेला नाही. यास आम्ही मनातल्या मनात कृतघ्नपणा म्हणत आलो होतो.

आम्ही कुंपणाशी गप्प उभे राहिलेले पाहून बाईंनी आम्हांसच घोड्यावर बसण्याची खूण केली. सहासष्टावे वर्ष, आयुष्यात टांग्याखेरीज घोड्याशी संबंध नाही. आम्ही नको म्हणालो, परंतु नात हट्टास पेटली. लाकडी पायऱ्यांवरून कसेबसे चढलो. बाईंनी दोर धरला आणि म्हातारा घोडा पावलावर चालू लागला. भीतीने आम्ही खोगीर घट्ट धरले, श्वास कोंडला. घोडा जागीच थांबला. बाई काही बोलल्या. "आबा, श्वास घ्या, तो तुमच्यामुळे घाबरलाय," नात ओरडली. आम्ही श्वास सोडला आणि घोडा चालू लागला. असे तीनदा झाले. चौथ्या फेरीत तो थांबला नाही, आणि बाईंनी लगेच आम्हांस उतरविले.

त्या रात्री जेवणाआधी नात पाटावर येऊन बसली आणि तिने आपण होऊन किक्कुलीच्या फेऱ्या म्हणावयास घेतल्या. एक, त्रि, पंच. सप्तशी जरा थबकली. मग सप्त, नव. उच्चार स्वच्छ. 'पुन्हा' हा शब्द आमच्या ओठांवर आला होता. चिरंजीव पाने मांडीत होते, त्यांचा हात मध्येच थांबला होता. आम्ही म्हटले, "शाब्बास. चला, वरण निवते आहे." चिरंजीवांनी शेवटचे पान मांडले आणि पाणी आणावयास आत गेले. जाता जाता मुलीस म्हणाले, "सप्तन् हा शब्द नेहमी बहुवचनी चालतो, आबांना विचार."