ओलें फडकें

जुनी मोटार बाळगणाऱ्या मनुष्याला उपदेशाचा तुटवडा कधीं पडत नाहीं. रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभें राहावें, कीं पांच मिनिटांत चार तज्ज्ञ गोळा होतात. एक म्हणतो, प्लग पुसा. दुसरा म्हणतो, कार्ब्युरेटरमध्यें कचरा अडकला असेल. तिसरा बॅटरीकडे संशयानें पाहतो. आणि चौथा, ज्यानें आयुष्यांत सायकलीपलीकडे कांहीं चालविलेलें नसतें, तो ‘विकून टाका’ असा सरळ निकाल देतो. मे महिन्याच्या भर दुपारीं, मालेगांवचें एक लग्न आटोपून आम्ही चांदवडला परतत होतों. राहुडच्या घाटाच्या चढावर आमच्या पद्मिनीनें तीनचार आचके दिले आणि ती थांबली. परंतु तज्ज्ञांचा दरबार भरण्यापूर्वींच अण्णांनीं निदान करून टाकलें होतें.

"पेट्रोलची वाफ झाली," ते म्हणाले. "पंपावर ओलें फडकें घाल."

अण्णा म्हणजे माझे वडील. चांदवडच्या एका शाळेंत त्यांनीं तीस वर्षें विज्ञान शिकविलें, आणि १९८८ सालीं, साठविलेल्या पैशांना थोडें कर्ज जोडून, नाशिकच्या एका डॉक्टरांकडून ही गाडी घेतली. गाडी १९८२ सालची. तिचें कुळ इटलीचें. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमिअर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत फियाटची ‘अकराशें’ १९६४ पासून ‘डिलाइट’ या नांवानें बनूं लागली, आणि पुढें दहा वर्षांनीं तिचें बारसें दुसऱ्यांदा होऊन ती ‘पद्मिनी’ झाली. नांव चितोडच्या राणीचें आणि शक्ति जेमतेम चाळीस घोड्यांची, असा हा संसार. ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या रस्त्यांवरून या जातीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी वयोमर्यादेमुळें निवृत्त झाली. वर्तमानपत्रांत ती बातमी वाचून अण्णा कांहीं बोलले नाहींत. मात्र त्या दिवशीं त्यांनीं आमच्या गाडीला दोनदां आंघोळ घातली.

तर ओलें फडकें. या गाडीचा पेट्रोलचा पंप इंजिनच्याच अंगाला चिकटलेला असतो. उन्हाळा, चढ आणि खालचा गियर असे तिन्ही योग जुळून आले, म्हणजे पंपांत आणि नळींत पेट्रोल उकळूं लागतें. पंप बिचारा पेट्रोलऐवजीं वाफच ओढीत बसतो आणि कार्ब्युरेटर कोरडा पडतो. यावर ओल्या फडक्याचा उपाय मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या प्रत्येक जुन्या ड्रायव्हरला ठाऊक आहे. मीं पिण्याच्या पाण्यांतून रुमाल भिजविला, पंपावर गुंडाळला, आणि दुभाजकापलीकडून कांद्याचे ट्रक जातांना मोजीत बसलों. अर्ध्या तासानें गाडी एका फटक्यांत सुरू झाली. अण्णांनीं माझ्याकडे अशा नजरेनें पाहिलें, कीं मी पुन्हां नववीच्या वर्गांत जाऊन बसलों.

त्यांच्या निदानावर माझी श्रद्धा होती, आणि ती उगीच नव्हती. हल्लींच्या गाड्या आपला आजार आपणच एका यंत्राला सांगतात, आणि तें यंत्र तो पडद्यावर लिहून दाखवितें. जुनी गाडी मात्र तान्ह्या मुलासारखी. ती केवळ रडते. पोट दुखतें कीं कान, तें दुसऱ्यानें ओळखायचें. अण्णा तें ओळखीत. एका हिवाळ्यांत सकाळीं सेल्फ मारला, कीं गाडी नुसती कण्हत असे. मीं उत्साहानें नवी बॅटरी आणली. गाडी नव्या बॅटरीवर तशीच कण्हूं लागली. मी दुकानदाराला मनांतल्या मनांत शिव्या मोजीत असतां अण्णांचा हात सहज चोकच्या तारेला लागला आणि त्यांनीं तो चटका बसल्यासारखा मागें घेतला. तार तापली होती! दुसरा कोणी हात झटकून मोकळा झाला असता. अण्णांचे डोळे मात्र चमकले. सेल्फला शंभराहून अधिक अँपिअर वीज लागते, आणि गेलेली वीज बॅटरीकडे परत यावी म्हणून इंजिन व सांगाडा यांना जोडणारी एक जाड पट्टी असते. ती पट्टी गंजून सैल झाली होती. वाट बंद झाल्यामुळें वीज मिळेल त्या चोरवाटेनें, म्हणजे चोकच्या बारीक तारेंतून, घरीं परतूं पाहत होती. अण्णांनीं पट्टी सोडली, दोन्ही टोंकें पॉलिशपेपरनें घासून चकचकीत केलीं, आणि पुन्हां आवळली. गाडी हसत सुरू झाली. नवी बॅटरी मला पुढें वर्षभर टोमण्यासारखी दिसत राहिली.

माझें स्वतःचें कर्तृत्व याहून थोडें निराळें आहे. एकदां प्लग साफ करण्याच्या भरांत मीं चारी तारा एकदमच उपटल्या, आणि मग ज्या क्रमानें सिलिंडर उभे, त्याच क्रमानें त्या परत बसविल्या. पण सिलिंडर पेटतात एक, तीन, चार, दोन या क्रमानें. त्या सकाळीं आमच्या गल्लींत जे बार निघाले, त्यांनीं रंगमहालावरचीं कबुतरें उडालीं, असें शेजारी अजून सांगतात. त्यांतला अर्धा भाग मी खोटा धरतों.

अण्णांचें मुख्य हत्यार त्यांचा कान. गाडी आली, कीं ते ओसरीवरूनच सांगत, ‘पंख्याचा पट्टा सैल आहे,’ किंवा ‘एक सिलिंडर झोपला आहे.’ गेल्या दोनतीन वर्षांत त्यांनीं यांत एक नवी कला मिळविली होती. लांब पेचकसाचें टोंक ते इंजिनला टेकवीत आणि त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावून, डोळे मिटून, बराच वेळ ऐकत. वैद्य नाडी पाहतो तसा तो देखावा असे. पाहुणे आले, कीं मी मुद्दाम त्यांना तो दाखवीत असें.

घाटांतल्या प्रसंगानंतर महिन्याभरांत गाडी आणखी दोनदां बंद पडली. एकदां पिंपळगांवच्या अलीकडे, आणि दुसऱ्यांदा थेट चांदवडच्या बाजारसमितीच्या दारांत, ऐन कांद्याच्या लिलावाच्या वेळीं. मागें ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि प्रत्येक जण भोंगा वाजवीत होता. मी घामाघूम होऊन फडकें भिजवीत होतों; अण्णा आपल्या जागेवर, घाटावर संध्या करीत बसल्यासारखे, शांत. त्यांच्या त्या स्थितप्रज्ञतेचें मला फार कौतुक वाटलें. घरीं येऊन मीं तें पत्नीलाही सांगितलें. ती म्हणाली, "अहो, पण फडकें घालूनही गाडी बंद पडायची राहत नाहीं, त्याचं काय?" या प्रश्नाला उत्तर नव्हतें, म्हणून मी गाडी मिस्त्रीकडे घेऊन गेलों. अण्णा बरोबर आले. आपला रुग्ण परक्या वैद्याच्या स्वाधीन करतांना माणूस येतो तसे, थोडे रुसून.

मिस्त्रीनें बॉनेटला हात लावण्यापूर्वीं चारपांच प्रश्न विचारले. किती वेळ चालल्यावर बंद पडते, बंद होतांना हळूहळू दम सोडते कीं फटफट करीत झटके देते, किती वेळानें पुन्हां सुरू होते. शेवटचा प्रश्न असा होता: "भाऊ, फडकं न घालतां कधीं बसून पाहिलं का?"

आम्हीं पाहिलें नव्हतें. तिन्ही वेळां फडकें घातलें, तिन्ही वेळां अर्धा तास थांबलों, आणि तिन्ही वेळां गाडी सुरू झाल्याचें श्रेय फडक्याला दिलें. अर्ध्या तासानें केवळ पंपच थंड होत नाहीं, सारेंच इंजिन थंड होतें, ही गोष्ट विज्ञानाच्या निवृत्त शिक्षकाला आणि त्याच्या पदवीधर मुलाला सुचली नव्हती.

मिस्त्रीनें गाडी अंगणांतच सुरू ठेवली आणि तो दुसऱ्या कामाला लागला. तीसएक मिनिटांनीं तिनें नेहमींचे झटके दिले आणि ती थांबली. फडकें कोणींच घातलें नाहीं. त्यानें कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी सोडून एका बाटलींत धरली आणि बॉनेटआडून हांक दिली, "अण्णा, मारा सेल्फ!" अण्णा किल्लीवर हात ठेवून समोर पाहत राहिले. त्यानें पुन्हां हांक दिली. तिसऱ्यांदा मोठ्यानें दिली. मग तो क्षणभर थांबला, बॉनेटच्या बाजूनें आपला हात बाहेर काढून त्यानें बोटें फिरविलीं, आणि अण्णांनीं तत्काळ सेल्फ मारला. बाटलींत पेट्रोलच्या चिळकांड्या उडाल्या. म्हणजे पंप धडधाकट होता आणि वाफेचा खटला तेथेंच निकालांत निघाला.

बाटली दूर ठेवून, नळी बसवून, त्यानें प्लगची तार लाकडी चिमट्यानें इंजिनच्या लोखंडाजवळ धरली. हात बाहेर आला, सेल्फ फिरला, आणि तारेच्या टोंकांतून जी ठिणगी पडली ती पिवळी, अशक्त, आजाऱ्याच्या हंसण्यासारखी. ठिणगी निळी पाहिजे आणि तिचा ‘टक्‌’ असा आवाज आला पाहिजे. डिस्ट्रिब्यूटरचें झांकण काढल्यावर त्यानें मला पॉइंट दाखविले. पॉइंट म्हणजे दोन लहानशीं धातूचीं टोंकें. त्यांची उघडझांप झाली, कीं कॉइलमध्यें बॅटरीच्या बारा व्होल्टांचे कित्येक हजार व्होल्ट होतात. इंजिनचे मिनिटाला तीन हजार फेरे होत असले, तर ही उघडझांप सेकंदाला शंभर वेळां होते. ही युक्ति चार्ल्स केटरिंग या अमेरिकन माणसाची, १९१० च्या सुमाराची; पाऊणशें वर्षें जगांतल्या बहुतेक मोटारी तिच्यावर चालल्या. आमच्या एका पॉइंटवर खळगा पडला होता आणि दुसऱ्यावर तेवढाच उंचवटा आला होता. "कंडेन्सर गेला," मिस्त्री म्हणाला. अंगठ्याएवढी ती पत्र्याची डबी. पॉइंट उघडतांना तेथेंच ठिणगी उडून शक्ति वायां जाऊं नये, एवढेंच तिचें काम. थंड असतां ती तें कसेंबसें करी. तापली, कीं हातपाय गाळी. नवी डबी आणि नवे पॉइंट बसवून, त्यांच्यामधली फट पात्यानें मोजून, त्यानें तासाभरांत गाडी मोकळी केली. दोन कप चहाच्या आणि एका जेवणाच्या खर्चांत काम झालें. त्या तासांत त्यानें अण्णांना एकदांही तोंडानें हांक दिली नाहीं; जें सांगायचें तें हातानें सांगितलें.

पैसे देतांना तो हळूच म्हणाला, "अण्णांना कमी ऐकूं येतं ना, भाऊ? बरेच दिवस झाले असतील."

मी ‘हो’ म्हणालों. तें खोटें होतें.

घरीं येईपर्यंत मी गाडी कशी चालविली, तें मला आठवत नाहीं. बाजारसमितीच्या दारांतली ती शांति मला आठवत होती. कानामागच्या हाडाला लावलेली पेचकसाची मूठ आठवत होती, आणि पाहुण्यांना तो देखावा दाखविणारा मी. कंडेन्सर जाऊं लागला, म्हणजे गाडी आधीं कित्येक दिवस फटफटते, ठेचकाळते. वाफेच्या दुखण्यांत ती मुकाट्यानें दम सोडते. मला ती फटफट ऐकूं येत होती, पण तिचा अर्थ ठाऊक नव्हता. ज्यांना अर्थ ठाऊक होता त्यांना ती ऐकूं येत नव्हती. म्हणून ते वाफ म्हणाले. आई गेल्यापासून अण्णा बोलत नाहींत, चारचौघांतून उठून जातात, फोन दोन वाक्यांत आटोपतात, या साऱ्याचें निदान आम्हीं सगळ्या भावंडांनीं मिळून ‘दुःख’ असें केलें होतें, आणि त्यावर ओलीं फडकीं घालीत होतों.

त्या रात्रीं मी त्यांच्यासमोर, त्यांना माझें तोंड दिसेल असा, बसलों आणि विचारलें, "अण्णा, केव्हांपासून?"

त्यांनीं समजून घेतलें. "दोन वर्षं झालीं असतील."

"सांगितलं कां नाहीं?"

"सांगितलं असतं तर तूं किल्ली काढून घेतली असतीस."

मी गप्प राहिलों. कारण मीं ती खरोखरच काढून घेतली असती. दर मंगळवारीं ते एकटे गाडी घेऊन रेणुकेच्या दर्शनाला जात. हमरस्त्यावर ट्रकचा भोंगा ऐकूं न येणारा माणूस, या विचारानें त्या वेळींही माझ्या अंगावर कांटा आला. आम्ही बराच वेळ तसेच बसलों. मग अण्णा उठले आणि खुंटीवरची किल्ली काढून त्यांनीं माझ्यासमोर ठेवली. "हमरस्त्यावर तूं चालव," ते म्हणाले. "गल्लींत मी."

नाशिकला कानांची तपासणी झाली. कागदावरच्या आलेखांत उंच पट्टीकडची रेघ एकदम दरींत उतरली होती. अण्णांनीं तो आलेख विद्यार्थ्याच्या वहीसारखा तपासला आणि डॉक्टरांना दोन प्रश्न विचारले. श्रवणयंत्र आलें. पहिले आठ दिवस त्यांनीं त्याला नांवें ठेवण्यांत घालविले. भांड्यांचा आवाज फार, वर्तमानपत्राचें पान उलटलें तरी कडकडाट, आणि मी जेवतांना किती आवाज करतों, हें त्यांना म्हणे आतांच कळलें.

नवव्या दिवशीं सकाळीं मीं गाडी सुरू केली. अण्णा ओसरीवर दाढी करीत होते. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून ते अंगणांत आले आणि बॉनेटवर हात टेकून उभे राहिले. पेचकस त्यांनीं आणला नव्हता.

"टॅपेट वाजताहेत," ते म्हणाले. "केव्हांपासून वाजताहेत?"

"मला नाहीं सांगतां येणार, अण्णा."

"दोन वर्षं तरी झालीं असतील," ते पुटपुटले, आणि गालावरचा साबण पुसून टाकीत पात्यांचा जुडगा शोधायला आंत गेले.