अंगातला चुना

चुन्याशी माझी पहिली ओळख आजीच्या पानाच्या डब्यातली. कात, सुपारी, अडकित्ता आणि शेजारी पितळेचं छोटं चुनाळं. आजी नखाच्या टोकावर चुना घ्यायची, तोही अंदाजाने. जास्त झाला तर तोंड भाजतं, कमी पडला तर पान रंगत नाही. दिवाळीच्या आधी हाच चुना घराला लागायचा. वडील पिंपात चुनकळी टाकायचे, वरून पाणी ओतायचे आणि आम्हां पोरांना लांब उभं करायचे. बघता बघता विहिरीचं गार पाणी रटरटायला लागायचं. भीती वाटायची, पण नजर हटायची नाही. दुसऱ्या दिवशी तो गाळून, त्यात चिमूटभर नीळ घालून भिंती पांढऱ्या व्हायच्या. धाकट्याला दात येत होते तेव्हा आजी दुधातून चुन्याची निवळी द्यायची. ‘हाडं धरतात पोराची,’ म्हणायची.

चुन्यात असतं तेच कॅल्शियम माणसाच्या शरीरात साधारण किलोभर असतं आणि त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत, हे पुढे शाळेत शिकले. त्याचा अर्थ समजला तो मुलगी झाल्यावर. अंगावर पाजणाऱ्या आईच्या दुधातून रोज दोनशे-तीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम बाळाकडे जातं. आहारातून काहीही आलं तरी त्या काळात आईची हाडं आपल्यातलं थोडं देऊन टाकतात आणि दूध तोडल्यावर हळूहळू भरून काढतात. माझ्या हाडांतलं काहीतरी छातीवाटे दुसऱ्या जिवात जातंय, हे कळल्यावर मला स्वतःच्या शरीराबद्दल फार आदर वाटला होता. ज्या वर्षी लेक पायावर उभी राहिली, त्याच वर्षी आजी न्हाणीत घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. जन्मभर पानाला चुना लावणारी आजी त्यातून उठली नाही.

म्हणून पाळी गेल्यावर डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या, तेव्हा मी त्या नेमाने घेऊ लागले. आणि पन्नाशी उलटल्यावर एका मॅमोग्राफीच्या अहवालात तेच कॅल्शियम पुन्हा भेटलं, डाव्या स्तनात, ज्वारीच्या कण्यांहूनही बारीक पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात.

माझा पहिला प्रश्न होता, गोळ्या बंद करू का? रेडिओलॉजिस्ट बाईंनी लगेच सांगितलं, ‘नाही ताई. तुम्ही काय खाता, कुठली गोळी घेता, त्याचा आणि या ठिपक्यांचा संबंध नाही.’ मग त्यांनी फिल्म उजेडावर धरली. दोन समांतर पांढऱ्या रेघा होत्या, ते वयानुसार रक्तवाहिनीच्या भिंतीत जमलेलं कॅल्शियम. एक मोठा ठसठशीत ठिपका होता, तो जुन्या निरुपद्रवी गाठीतला. अशा ठिपक्यांची काळजी करायची नसते, आणि बहुतेक बायकांच्या फिल्मवर दिसतात ते असेच. त्यांचं बोट थांबलं ते एका कोपऱ्यात. तिथे काही अतिसूक्ष्म ठिपके दाटीने बसले होते. दुधाच्या नळ्यांमध्ये साचलेल्या स्रावात कॅल्शियम जमतं, तसंच नळीत मेलेल्या पेशींच्या जागीही जमतं. पहिलं कारण साधं आहे, दुसरं नेहमीच साधं नसतं. ठिपक्यांच्या रांगोळीत एकट्या ठिपक्याला अर्थ नसतो, तो कसा पडलाय आणि शेजाऱ्यांशी कसा मांडलाय यावर आकृती ठरते. फिल्म वाचणारे हेच दोन प्रश्न विचारतात: आकार कसा, मांडणी कशी. गोल, एकसारखे, दोन्हीकडे विखुरलेले असतील तर बरं. एका नळीच्या वाटेने रांगेत गेलेले, तुटक काड्यांसारखे, फांद्या फुटलेले असतील तर सावध व्हायचं.

ठिपके मोठे करून दाखवणारे जादा फोटो काढले. सोनोग्राफीत काही आढळलं नाही, पण हे सूक्ष्म ठिपके सोनोग्राफीत बहुधा दिसतच नाहीत, त्यामुळे तेवढ्यावर निश्चिंत होता येत नव्हतं. नवऱ्याने कपाटातून माझी काही वर्षांपूर्वीची मॅमोग्राफीची फिल्म शोधून आणली, आणि त्या जुन्या फिल्मने सगळ्यात मोलाची गोष्ट सांगितली. त्या कोपऱ्यात तेव्हा काही नव्हतं.

अहवालावर श्रेणी आली ४-अ. ही श्रेणी ‘बाय-रॅड्स’ या पद्धतीतली, जी आता बऱ्याच ठिकाणी वापरतात. श्रेणी ३ म्हणजे कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांपर्यंत. तिथे सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढतात. श्रेणी ४-अ म्हणजे दोन ते दहा टक्के. तिथे नमुना तपासायला सांगतात. म्हणजे माझ्यासारखी फिल्म असलेल्या शंभर बायकांपैकी नव्वद किंवा त्याहून जास्त जणींना काहीच नसणार. हा आकडा मी दिवसातून कितीदा तरी मनात फिरवायचे. सकाळी नव्वद मोठे वाटायचे, रात्री दहा.

त्या रात्री मावशीची फार आठवण व्हायची. तिने काखेजवळची गाठ कित्येक महिने पदराआड ठेवली. लाजेने, आणि सांगितल्यावर घरचं कोण करणार या काळजीने. तिचं शरीर ओरडून सांगत होतं आणि ऐकणारं कुणी नव्हतं. माझं उलट झालं होतं. माझं शरीर गप्प होतं. दुखत नव्हतं, हाताला लागत नव्हतं, आरशात दिसत नव्हतं. बोललं होतं ते यंत्र, आणि त्या बोलण्यावर मला निर्णय घ्यायचा होता.

हे ठिपके दिसायला लागले त्याला शंभर वर्षं होऊन गेली. बर्लिनचे शल्यचिकित्सक अल्बर्ट सालोमन यांनी १९१३ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे तीन हजार स्तनांचे क्ष-किरण फोटो काढले आणि त्यांत त्यांना हे सूक्ष्म पांढरे कण आढळले. नाझींच्या राज्यात ज्यू म्हणून त्यांचं काम सुटलं. पुढे १९५१ च्या सुमारास उरुग्वेच्या राऊल लेबोर्न यांनी या ठिपक्यांचं नीट वर्णन केलं. फोटो काढताना स्तन दाबून धरायला हवा, हेही त्यांनीच दाखवलं. तो दाब सोसताना मला या दोघांची आठवण झाली आणि तो थोडा सुसह्य झाला.

पण हाताने करायची तपासणी मॅमोग्राफीमुळे कालबाह्य झाली असं कुणी समजू नये. आपल्या मुंबईत, टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये वस्त्यांमधल्या दीड लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास सुरू केला. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत. वीस वर्षांनंतरचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला. एकूण बायकांत मृत्यूंतली घट खात्रीने सांगण्याइतकी नव्हती, पण पन्नाशी आणि त्यापुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी आढळले. मावशीच्या दारावर अशी एखादी सेविका आली असती तर, हा विचार मला अजून सुटत नाही.

घरात प्रत्येकाचं मत होतं. वहिनी म्हणाली, ‘काढून टाका एकदाचं, डोक्याला ताप नको.’ थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, ‘दुखत नाही तर सुई कशाला? सुई लागली की पसरतं.’ सुईने तपासल्यामुळे आजार पसरून माणूस दगावतो या समजुतीला आधार नाही, हे मी डॉक्टरांना विचारून घेतलं आणि जाऊबाईंना शांतपणे सांगितलं. त्यांची भीती खोटी नव्हती. त्यांनी उशिरा आलेली माणसं सुईनंतर जाताना पाहिली होती. आमच्या गावातल्या सर्जननी तो भाग शस्त्रक्रियेने काढून तपासू असं सुचवलं, कारण इथे ठिपक्यांवर नेम धरून सुई लावणारं यंत्र नव्हतं. ते पुण्यात होतं. सुईने भागत असेल तर निदानासाठी आधी चिरफाड नको, एवढं मला स्पष्ट होतं.

खरा पेच त्यापुढचा होता. नमुन्यात ‘डीसीआयएस’ निघालं तर? म्हणजे पेशी बिघडलेल्या, पण दुधाच्या नळीची भिंत न ओलांडलेल्या. मॅमोग्राफी सुरू होण्याआधी हे निदान क्वचितच व्हायचं. त्यातल्या काही पेशी पुढे भिंत ओलांडतात, काही आयुष्यभर तिथेच राहतात. कुठल्या काय करतील हे आज खात्रीने सांगता येत नाही. अमेरिकेतल्या ‘कॉमेट’ या चाचणीचे निष्कर्ष २०२४ च्या डिसेंबरमध्ये आले. कमी जोखमीचं डीसीआयएस असलेल्या ९५७ बायका त्यात होत्या. दोन वर्षांत पसरणारा कर्करोग आढळला तो शस्त्रक्रियेकडे नेमलेल्या गटात ५.९ टक्के आणि लक्ष ठेवून थांबलेल्या गटात ४.२ टक्के. दोन वर्षं हा फार थोडा काळ आहे, त्यावरून कुणी घाईने धडा घेऊ नये. पण मला त्यातून धीर मिळाला. तपासून घेतलं म्हणजे पुढचं सगळं मान्य केलं, असं नसतं. प्रत्येक पायरीवर थांबून पुन्हा ठरवता येतं. हे उमगल्यावर निर्णय सोपा झाला: ठिपके नवे आहेत, एका जागी दाटलेत, म्हणून नमुना घ्यायचा. त्यापुढचं त्यानंतर.

पुण्यात टेबलावर पालथी झोपले. जागा बधिर केली, यंत्राने दोन कोनांतून फोटो घेऊन नेम धरला आणि सुईने आतले तुकडे ओढून घेतले. मग त्या तुकड्यांचाच क्ष-किरण फोटो काढला, ठिपके खरोखर त्यांत आलेत का हे पाहायला. आले होते. तिथल्या रेडिओलॉजिस्ट बाईंनी मला तो पडदा दाखवला. घेतलेल्या जागी खूण म्हणून टायटॅनियमचा एक कण ठेवला. तो आता माझ्याबरोबरच राहील.

अहवाल निर्धोक आला. पॅथॉलॉजिस्टने पेशींत जे पाहिलं ते फिल्मवरच्या ठिपक्यांशी जुळतं का, हेही तिने आणि रेडिओलॉजिस्ट बाईंनी मिळून पाहिलं. ते जुळणं अहवालाइतकंच महत्त्वाचं असतं. पुढचा फोटो ठरल्या वेळी काढायचा आहे आणि कॅल्शियमची गोळी मी रात्रीच्या जेवणानंतर घेतेच.

अहवाल वाईट आला असता तरी मी हेच लिहिलं असतं. आता ओळखीतल्या कुणा बाईच्या हातात असा कागद आला की मी तिला प्रश्न लिहून देते. ठिपके आधीच्या फिल्मवर होते का? आकार आणि मांडणी कशी? श्रेणी कुठली, आणि तिचा अर्थ टक्क्यांत काय? सुईने भागेल का? उत्तर काही आलं तरी पुढची पायरी कोणती, आणि तिथे मला विचार करायला किती वेळ आहे? हे ठिपके सहसा तासांचा हिशेब मागत नाहीत. डॉक्टरांपुढे बसून, ही सगळी उत्तरं घेऊन, मगच सही करावी. आणि एकदा केली की तारीख पुढे ढकलू नये.