मेंडोलिनच्या तारा

मेंडोलिन विकत घ्यावयास निघालेला मनुष्य लाकडाला टिचकी मारून पाहतो, खुंट्या फिरवून पाहतो, पाठीवरील चकाकीत आपला चेहराही न्याहाळतो. तारांची चौकशी मात्र तो पैसे चुकते करताना, जाता जाता करतो. मिळाल्या त्या तारा बऱ्या, आणि जाड असल्या तर अधिकच बऱ्या, अशी त्याची समजूत असते. वास्तविक वाद्याचा कंठ म्हणजे तारच होय.

मेंडोलिनला तारांच्या चार जोड्या असतात व त्या व्हायोलिनप्रमाणेच जुळवितात. जोडीतील दोन्ही तारा एकाच स्वरात बोलतात. लांबी सर्वांची सारखीच. तेव्हा स्वरांतील अंतर साधावयाचे ते जाडीने आणि ताणाने. सर्वांत बारीक तार सुमारे पाव मिलिमीटर, तर सर्वांत जाड तार जवळजवळ एक मिलिमीटर जाडीची असते. नुसती पोलादी तार एवढी जाड घेतली, तर ती ताठर होते आणि तिचा स्वर घुमा होतो. म्हणून बारीक पोलादी तारेभोवती ब्राँझची तार गुंडाळतात. वजन वाढते, पण लवचीकपणा जात नाही. नवी असताना ही तार कशी लखलखीत बोलते! पुढे हाताच्या घामाने ती काळवंडते आणि नादही मंदावतो. जोडीतील एक तार तुटली, तरी जाणता वादक दोन्ही बदलतो. नव्या-जुन्यांचे सूर पडद्यांवर एकमेकांशी नीट जमत नाहीत.

मोठ्या आवाजाचा लोभी जाड तारांकडे वळतो. पण जाड तार त्याच स्वरापर्यंत चढवावयाची म्हणजे ताण वाढवावा लागतो. आठ तारांचा ताण मिळून सहज ७० ते ८० किलोग्रॅम वजनाइतका भरतो. एका धडधाकट माणसाचे ओझेच ते! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ऑर्व्हिल गिब्सन यांनी व्हायोलिनसारखी कोरीव फळी वापरून मेंडोलिने घडविली. त्या घडणीची वाद्ये हा भार निमूटपणे सोसतात. नेपल्सची भोपळ्यासारख्या पोटाची जुनी मेंडोलिने मात्र नाजूक. घोडीखालची त्यांची पातळ फळी हळूहळू खचते, आणि मालकाच्या ध्यानी येते तेव्हा उशीर झालेला असतो. त्यांना हलक्या ताराच द्याव्यात.

काय वाजवावयाचे, यावरही तार ठरते. पडद्यावर दाबलेली तार आडवी ओढली, की स्वर वळतो. पण जोडीतील दोन्ही तारा सारख्याच ओढल्या न गेल्या, तर त्या आपापसांत भांडू लागतात. ही अडचण आंध्र प्रदेशातील पालकोल्लू येथे १९६९ साली जन्मलेल्या उप्पलपू श्रीनिवास यांच्यापुढे उभी राहिली. सहाव्या वर्षी त्यांनी वडिलांचे मेंडोलिन हाती घेतले. गुरू रुद्रराजू सुब्बराजू यांना ते वाद्य वाजविता येत नसे. ते गात, आणि मुलगा ते गाणे तारांवर शोधी. १९७८ साली गुडिवाडा येथील त्यागराज आराधनेत तो प्रथम जाहीरपणे वाजवावयास बसला. परक्या वाद्यावर कर्नाटक संगीत म्हणून नाके मुरडणारे होतेच. त्यांची शंका अगदीच निराधार नव्हती, कारण गमकावाचून त्या संगीतात जीव नाही. श्रीनिवास यांनी विजेवरील मेंडोलिन स्वीकारले आणि चार जोड्यांच्या जागी पाच एकेरी तारा चढविल्या. ज्या झुळझुळत्या जोडनादावरून मेंडोलिन ओळखावे, तोच त्यांनी सोडून दिला. मग मात्र ती एकेरी तार त्यांच्या बोटाखाली गळ्यासारखी वळू लागली.