हाक

पुरंदर तालुक्यातल्या आमच्या गावात कुत्रं कुणी विकत आणत नसे आणि उंबऱ्याच्या आत घेत नसे. जेवणं उरकली की आजी दारात उभी राहून ‘यूऽ यूऽ’ करायची. पहिलं धावत येईल त्याला उरलीसुरली भाकरी, आणि त्या रात्रीपुरतं ते आमचं. जेजुरी जवळ असल्याने कुत्रं म्हणजे खंडोबाचं जनावर. त्याला दगड मारायचा नाही, एवढा धाक होता. बाकी सारं नातं त्या हाकेपुरतं. हाकेला येतं ते गुणी कुत्रं, येत नाही ते माजलेलं किंवा पिसाळलेलं. घाबरलेलं म्हणून काही असतं, हे आमच्या हिशोबात नव्हतं.

पुण्यात आले तेव्हा कुत्री घरात शिरली होती. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ आला आणि क्रिकेटच्या सामन्यात पंच होणाऱ्या, चिठ्ठी पोचवणाऱ्या टफीवर सगळे भाळले. आमच्या सोसायटीतही पांढरी, झुबकेदार शेपटीची ‘पॉमेरियन’ दिसू लागली. खरं तर ती इंडियन स्पिट्झ, टफीचीच जात. आपल्या उन्हाळ्यात टिकणारी आणि मध्यमवर्गाच्या खिशाला झेपणारी. पुढे २००३ मध्ये ‘हच’ या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतला पग आला. तो तर मुलाच्या मागे न बोलावताच चालायचा. मग पगची लाट आली आणि स्पिट्झ जुन्या झाल्या. मोह दोन्ही वेळा एकच: आपल्यामागे येणारं कुणीतरी असावं.

ही पिल्लं येतात कुठून, हे मात्र साय घरी आली तेव्हा समोर दिसलं. साय पण स्पिट्झच. पिल्लं विकणाऱ्या कुणाकडे तरी ती पिंजऱ्यात वाढली आणि पिंजऱ्यातच व्यायली. २०१७ च्या नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला नोंदणी लागते. मादीला आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेळा पिल्लं होऊ द्यायची नाहीत, लागोपाठच्या दोन हंगामांत तर नाहीच, आणि आठ वर्षांची झाली की थांबायचं. सायचं लोंबलेलं पोट चाचपत डॉक्टर म्हणाले, ‘‘किती वेळा व्यायली असेल ते विचारू नका.’’ तिला नावही नव्हतं. लसीच्या कार्डावर काहीतरी लिहायला हवं म्हणून तिला सोडवणाऱ्या मुलीने तिच्या पिवळट पांढऱ्या रंगावरून ‘साय’ लिहिलं होतं.

आम्ही तिला फॉस्टर म्हणून आणलं, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंतच्या मुक्कामाला. शेल्टरमध्ये शेजारपाजारच्या भुंकण्याने असं कुत्रं आणखी मिटून जातं. त्याला आधी घर म्हणजे काय ते कळावं लागतं. सायला काहीच कळत नव्हतं. गुळगुळीत फरशी, जिना, झाडू, कुकरची शिट्टी, सगळंच नवं. ती वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसली. दिवसा अन्नाला तोंड लावायची नाही. घर झोपलं की वाटी रिकामी व्हायची.

‘‘हाक मारू नका,’’ त्या मुलीने बजावलं होतं. समोरून जायचं नाही, वरून वाकायचं नाही, डोक्यावर हात न्यायचा नाही, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. तिने जांभई दिली, नाक चाटलं किंवा मान वळवली, तर झोप किंवा भूक समजायचं नाही. ‘मला त्रास होतोय, जरा लांब राहा’ असं ती सांगतेय. टुरिड रुगास या नॉर्वेजियन बाईंनी कुत्र्यांच्या अशा खुणांवर पुस्तकच लिहिलं आहे. चिकनचा तुकडा द्यायचा तोही आपल्याकडे ओढून घेण्यासाठी नाही. तो तिच्या मागच्या बाजूला टाकायचा, म्हणजे खाण्यासाठी तिला आपल्यापासून दूर जाता येतं. दूर जाता येतं हे पटलं, की जवळ यायची भीती कमी होते.

बाहेर नेताना एक दोरी पट्ट्याला आणि एक हार्नेसला, कारण घाबरलेलं कुत्रं मागे सरकत सरकत पट्ट्यातून मान काढतं आणि वाट फुटेल तिकडे सुटतं. दिवाळीत खिडक्या बंद, पंखा मोठा, आणि फिरणं फटाके सुरू व्हायच्या आत.

माझी लेक दुपारी वॉशिंग मशीनकडे पाठ करून फरशीवर बसायची आणि मोठ्याने धडे वाचायची. नागरिकशास्त्र ऐकून कुणाला धीर येईल असं मला वाटलं नव्हतं. पण ग्रामपंचायतीपासून संसदेपर्यंत पोचेतो साय तिच्या पाठीला पाठ लावून बसू लागली होती. आम्ही कुणीच वळून पाहिलं नाही.

मग तिला बघायला एक कुटुंब आलं. माणसं चांगली, घर तळमजल्याचं, पुढे छोटं अंगण. त्यांचा मुलगा गुडघ्यांवर बसून फार प्रेमाने म्हणाला, ‘‘साय, ये ना!’’ ती पोट जमिनीला टेकवून जागीच थिजली. मुलाच्या आईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्हाला म्हणाली, ‘‘ताई, आम्ही थांबूही. पण हिने पुन्हा पहिल्यापासून का सुरू करायचं?’’

त्या रात्री आम्ही अर्ज भरला. घर कुणाचं, खिडक्यांना जाळी आहे का, गावाला गेलात तर कोण सांभाळणार, सगळे प्रश्न आम्हालाही चुकले नाहीत. तिला सोडवणारी मुलगी हसली आणि लगेच म्हणाली, ‘‘म्हणजे माझं एक फॉस्टर घर गेलं.’’ तिचं खरं होतं. मुक्कामाला आलेल्याला ठेवून घेतलं की पुढच्याची जागा जाते. म्हणून पुढचं भित्रं पिल्लू आलं तेव्हा आम्ही नाही म्हटलं नाही. साय त्याला शिकवत वगैरे काही नाही. ती कुकरची शिट्टी होत असताना निवांत पडून राहते, आणि ते तिच्याकडे बघून पडून राहतं.

बाहेर मोकळं सोडायचं तर हाकेला यावंच लागतं. रस्त्यावर प्रश्न जिवाचा असतो. त्यासाठी आम्ही बंदिस्त मैदानात उकडलेली कलेजी हातात घेऊन तिला ते शिकवलं. घरात मात्र हा नियम नाही. पाहुणे विचारतात, ‘‘बोलावलं की येते का?’’ मी म्हणते, मनात असलं तर. कुठे राहायचं, काय खायचं, कधी व्यायचं, हे सगळं तिच्यासाठी दुसऱ्यांनीच ठरवलं. नसबंदीचं ऑपरेशन कधी करायचं हे आम्हीही तिला विचारलं नव्हतं. निदान कुणाजवळ जायचं, एवढं तरी तिचं तिने ठरवावं. पाहुण्यांना राग येतो कधीकधी. येऊ दे.