आभाराची अट

जळगांवच्या केळीच्या मळ्यांत पाहुण्यास रिकाम्या हातीं परतवीत नाहींत. फणीचे पैसे विचारले तर मळेवाला रागावतो. "केळीं गोड निघालीं" एवढा निरोप मात्र त्यास हवा असतो. संगणकाच्या जगांतहि असे मळेवाले आहेत, हें आम्हांस धुळ्याच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळलें.

'विम' नांवाच्या फुकट मिळालेल्या साधनावर आम्ही प्रश्नपत्रिका लिहीत होतों. "सर, ह्याची अट वाचलीत?" त्यानें विचारलें. वाचली नव्हती! मग त्यानें अशा आणखी अटी सांगितल्या. आरन जाइल्स यांनीं चित्रें पाहण्याच्या आपल्या साधनाबद्दल केवळ एक पोस्टकार्ड मागितलें. डेन्मार्कचे पोल-हेनिंग कॅम्प म्हणतात, कधीं भेटलों व काम आवडलें, तर बीयरचा एक पेला पाजा. (आमची भेट झाल्यास त्यांस उंसाच्या रसावर समाधान मानावें लागेल!)

'विम'ची अट ऐकतांच मात्र आमचें हंसूं मावळलें. नेदरलंडच्या ब्राम मूलेनार यांनीं १९९१ सालीं हें साधन सर्वांस खुलें केलें व त्याच्या अटींत स्वतःकरितां कांहींच मागितलें नाहीं. युगांडांतील गरीब मुलांस मदत करा, एवढीच विनंति केली. साधन उघडतांच ती ओळ दिसे, आणि आम्ही वर्षानुवर्षें ती ओलांडून जात होतों.

मूलेनार २०२३ सालीं वारले. मुलांकरितां आम्हीं अल्पशी रक्कम पाठविली. पण आभाराचें पत्र आतां कोणास लिहावें?

मुलांनो, तुम्हांस कोणाला पोस्टकार्ड लिहावयाचें असेल, तर तें आजच लिहा.